पटावर नाव आहे, पण शिकणे?

स्पेनमधील सालामांका येथे जून १९९४ मध्ये ९२ सरकारे आणि २५ आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या प्रतिनिधींनी एक जाहीरनामा स्वीकारला. मूल अपंग असो, रस्त्यावर राहणारे असो, मजुरी करणारे असो वा भटक्या समाजातले असो, त्याला नेहमीच्याच शाळेत सामावून घ्यावे आणि त्यासाठी शाळेने स्वतःत बदल करावा, असा त्याचा आशय होता. विकसनशील देशांत यातला पहिला भाग बऱ्यापैकी अमलात आला. दुसरा अजून कागदावरच आहे, असे माझे मत आहे.

केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळांची फी माफ केली, तेव्हा दहा लाखांहून अधिक मुले नव्याने दाखल झाली. निर्णय योग्यच होता. घरखर्चाची तोंडमिळवणी होईनाशी झाली की बहुतेक वेळा मुलीचे किंवा अपंग मुलाचेच शिक्षण आधी थांबते. मात्र शिक्षक आणि वर्गखोल्या त्या वेगाने वाढल्या नाहीत, आणि खच्चून भरलेल्या वर्गात मागे कोण पडणार, हे वेगळे सांगायला नको.

अशा वर्गात कमी ऐकू येणाऱ्या मुलीचे काय होते, हे बारकाईने पाहिले पाहिजे. शिक्षक मुलांकडे तोंड करून बोलतात तोवर ती ओठांच्या हालचालींवरून बरेचसे समजून घेते. ते फळ्याकडे वळून लिहिता लिहिता बोलू लागले, की तिला काहीच कळेनासे होते. शेजारणीच्या वहीत डोकावले तर बोलणी बसतात. हजेरीपटावर ती रोज हजर असते आणि वर्षअखेरीस तिच्या नावापुढे ‘अभ्यासात कच्ची’ असा शेरा पडतो. तिला पुढच्या बाकावर बसवायला आणि वर्गाकडे वळूनच बोलायला पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आणि वर्गातील गर्दी कमी करायला, आणि नेमकी तिथेच काटकसर होते.

कोलंबियातील ‘एस्कुएला नुएवा’ ही पद्धत मला म्हणूनच मोलाची वाटते. एकच शिक्षक अनेक इयत्ता सांभाळतो अशा ग्रामीण शाळांसाठी ती १९७० च्या दशकात आखली गेली. मुले पुस्तिकांच्या आधारे लहान गटांत, आपापल्या गतीने शिकतात आणि एक घटक नीट आला की पुढच्याकडे वळतात. सुगीच्या कामाला गेलेला मुलगा परतल्यावर जिथे सोडले तिथूनच सुरुवात करतो, त्यामुळे त्याची शाळा कायमची सुटत नाही. इथे शाळेने मुलाच्या आयुष्याशी जुळवून घेतले आहे.

युनिसेफच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात सुमारे २४ कोटी मुले अपंग आहेत. त्या सर्वांसाठी वेगळ्या शाळा काढणे गरीब देशांना परवडणारे नाही, आणि माझ्या मते इष्टही नाही. अपवाद बहिऱ्या मुलांचा, कारण खुणांची भाषा येणारे सोबती आणि शिक्षक त्यांना मिळालेच पाहिजेत. बाकी मुलांसाठी सरकारांनी अनुदान ठरवताना पटसंख्येबरोबरच वर्गात सर्वांत मागे राहिलेले मूल वर्षभरात किती पुढे सरकले, हेही तपासावे.