कॅन्सर म्हणून सांगितलेली गाठ

सिझेरियनच्या व्रणाजवळ हाताला लागलेली गाठ कैरीसारखी टणक होती, पण दुखत नव्हती. सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या स्नायूत एक आणि आत आतड्यांच्या पडद्याशी दुसरी निघाली. रिपोर्टात ‘सार्कोमाची शक्यता’, म्हणजे स्नायू, चरबी अशा मऊ भागांचा कॅन्सर. त्या रात्री डिचोलीच्या आमच्या घरी कोणालाच जेवण गेलं नाही. सर्जन म्हणाले, लगेच काढू, स्नायूचा बराच भाग जाईल, जाळी बसवावी लागेल.

नणंद लॅबमध्ये काम करते. तिने हेका धरला, ‘वहिनी, आधी तुकडा तपासू दे, मग सुरी.’ सुईने बायोप्सी झाली. पॅराफिनचे ब्लॉक आणि स्लाईड दुसऱ्या मतासाठी परळच्या टाटा हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. नखाएवढा तो तुकडा मेणात बसवलेला. ऊन लागू देऊ नका, अशी ताकीद. नवऱ्याने थिवीहून कोकणकन्येत रात्रभर डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

उत्तर आलं: डेस्मॉइड. बीटा-कॅटेनिन या प्रथिनाची तपासणीही तेच सांगत होती. हा कॅन्सरसारखा यकृतात, फुप्फुसात पसरत नाही, पण जागच्या जागी मुळं धरतो. वर्षाला दहा लाखांत 2 ते 4 जणांना होतो, बाळंतपणानंतर पोटाच्या भिंतीत होणं ओळखीचं आहे. आतड्यातल्या आनुवंशिक पॉलिपांशी, म्हणजे आतल्या बाजूला येणाऱ्या कोंबांसारख्या वाढींशी, नातं असतं, म्हणून कोलोनोस्कोपीही झाली. ती स्वच्छ निघाली.

नव्या डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. कापलं तरी पुन्हा उगवतं. नुसते एमआरआय काढत राहायचे. हे ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या एमआरआयमध्ये गाठ थोडी वाढलेली दिसली, तेव्हा मी सर्जनचा नंबर पुन्हा शोधून ठेवला होता. सासूबाई देवीकडे कौल लावून आल्या, उजवा मिळाला. कोणीतरी मुळ्यांचं चूर्ण आणलं, ते मात्र मी घेतलं नाही.

मग स्नायूतली ती गाठ आक्रसायला लागली. 6.8 सेंटिमीटरची 4 झाली, औषधाची एक गोळीही न घेता. का, म्हणून विचारलं तर डॉक्टरांनी खांदे उडवले. 2018 मध्ये छापलेल्या, सोराफेनिब या औषधाच्या चाचणीत नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकीही 20 टक्क्यांच्या गाठी लहान झाल्या होत्या, एवढं सांगितलं. सासूबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि नवस फेडला.

आतली गाठ अजून तेवढीच आहे. पुढचा एमआरआय चवथीनंतर.