आमची वाटचाल: रांग आपल्या दारात

म्हापशात आम्ही सुरुवात केली ती संगणक दुरुस्ती आणि केबल ओढण्याच्या कामाने. किनाऱ्यावरची गेस्ट हाऊस ही पहिली गिऱ्हाइकं. डिसेंबरात हणजूण, मोरजीकडच्या खोल्या भरल्या की सगळीकडून एकच तक्रार यायची: लाइन शंभर एमबीपीएसची, पण एका खोलीत कुणी मोठी फाइल उतरवायला घेतली की बाकीच्यांचे व्हिडिओ कॉल अडकतात. मोठा प्लॅन घ्या, असं त्यांना सगळे सांगायचे. आम्हाला ते पटत नव्हतं. तिथून आम्ही लिनक्सकडे, म्हणजे लाइनीवरची वाहतूक लिनक्सच्या राउटर-पेटीतून आवरण्याकडे वळलो, आणि आज धंदा त्यावरच उभा आहे.

जाणारं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) आपल्या हातात असतं, येणारं नसतं. लिनक्सच्या इन्ग्रेस क्यूडिस्कवर, म्हणजे आत येणाऱ्या वाहतुकीच्या नियंत्रकावर, मर्यादेबाहेरची पॅकेट टाकून देता येतात, रांगेत थांबवता येत नाहीत. म्हणून येणारी वाहतूक आम्ही आयएफबी या आभासी इंटरफेसकडे वळवतो. तिथे ती 'जाणारी' ठरते आणि वेग बांधणारं एचटीबी, रांग छोटी ठेवणारं एफक्यू-कोडेल सगळं तिला लावता येतं. 2018 साली लिनक्सच्या गाभ्यात, कर्नल 4.19 मध्ये, ही दोन्ही कामं एकत्र करणारा केक आला आणि आमच्या लांबलचक स्क्रिप्ट एकदम आटोपशीर झाल्या.

शंभरच्या लाइनला आम्ही वेग नव्वदच्या आसपास बांधतो. मालक कुरकुरतात, पैसे तर शंभरचे भरतो! पण रांग पुरवठादाराच्या टोकाला न लागता आपल्या पेटीत लागावी, यासाठीच ते दहा सोडायचे. इथे पॅकेट गळलं की पाठवणाऱ्याकडचा टीसीपी (डेटा पोचवण्याची पद्धत) आपणहून वेग उतरवतो. आयएफबीवर पोचलेल्या पॅकेटचा पत्ता मात्र अजून बाहेरचाच, म्हणजे सगळ्या खोल्यांचा सामाईक असतो, त्यामुळे सगळ्या खोल्या एकच दिसतात. केकचा नॅट (पत्ता-बदल) पर्याय आतला पत्ता शोधून देतो, तेव्हा कुठे खोलीवार सारखी वाटणी होते. आमच्या मते हा पर्याय विसरला तर बाकीची मेहनत अर्धी फुकट.

पावसात वीज गेली की टीसीचे (लिनक्समधल्या वाहतूक-नियंत्रणाचे) नियम पुसले जातात, म्हणून पेटी चालू होताच ते परत लागतील अशी सोय आम्ही प्रत्येक ठिकाणी करतो.

आता फोंडा, डिचोलीचे छापखाने आणि दवाखानेही आमच्याकडे आहेत. न मागता आलेल्या जोडण्या त्यांच्याकडे एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलने दारातच टाकून देतो. बाहेरून यूडीपीचा (पॅकेट गळलं तरी आपणहून वेग न उतरवणाऱ्या वाहतुकीचा) लोंढा आला तर मात्र आपली पेटी गाठेपर्यंत लाइन भरलेली असते. तो पुरवठादारानेच अडवायला हवा, आणि हे आम्ही कोटेशनमध्येच लिहून देतो.