अंगारकीच्या आठवड्यातली रत्नागिरी

डोंबिवलीच्या एका कुटुंबाने मेच्या पहिल्या आठवड्यातली कोकण सहल आमच्याकडे आखायला दिली, तेव्हा यादी ते घरूनच करून आले होते. सात दिवसांत दापोली, गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण आणि जमलंच तर पणजी. माणसं सात: सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा, मुलगा, सून, मुलगी आणि दोन नातवंडं. आजींच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी एवढंच विचारलं, "काका, आजींना रोज किती तास गाडीत बसवायचंय?" आजोबांनी मुलाकडे बघितलं आणि यादीतली निम्मी नावं तिथेच गळाली. मुक्काम एकच ठरला, रत्नागिरी शहरात.

शनिवारी जायचं, शुक्रवारी परत. जाण्यायेण्याचे दिवस वजा केले की हातात पाच उरतात. कॅलेंडर टेबलावर पसरलं आणि काम जरा रंगात आलं. निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी पौर्णिमा, म्हणजे हे पोहोचणार वद्य प्रतिपदेला. सोमवारी थिबा पॅलेसमधलं संग्रहालय बंद. आणि मंगळवारी संकष्टी, म्हणजे अंगारकी. त्यांच्या यादीत गणपतीपुळे नेमकं मंगळवारीच लिहिलेलं. सुनेचं म्हणणं, अनायासे अंगारकीला दर्शन घडतंय तर चांगलंच की. पुळ्याला अंगारकीची रांग काही तास चालते, गाड्या लांब अडवतात आणि तिथून उन्हात पायपीट. आजींच्या गुडघ्याचा विचार करता हे जमणारं नव्हतं. पुळं गुरुवारवर ढकललं.

आधी तिकिटं. रेल्वेचं आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. मेमधल्या कोकणच्या गाड्या बघता बघता वेटिंगला जातात. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, त्यामुळे सात जणांची दोन तिकिटं करावी लागली. सहा आणि एक अशी फोड करू नये. एकट्याचं तिकीट वेटिंगला अडकलं की सगळ्यांचाच खोळंबा. आम्ही चार-तीन केली आणि दोन्हींत एक धडधाकट माणूस ठेवला. परतीचं आरक्षण सहा दिवसांनी उघडतं, त्या सकाळी पुन्हा आठला बसायचं, हे बरेच जण विसरतात. जनशताब्दी निवडली, कारण दिवसाचा प्रवास आणि बसायची गाडी; रात्री मधल्या बर्थवर चढण्याचा प्रश्नच नाही.

गाडी सकाळी पोहोचते, खोली बाराला मिळते. स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे. सात माणसं आणि ड्रायव्हर धरून आठ आसनी गाडी लागते, आणि ती भरली की बॅगा ठेवायला जागा उरत नाही, म्हणून टपावर कॅरियर असलेली गाडी सांगितली. निदान आजी-आजोबांची एक खोली लवकर द्या, हे हॉटेलकडून आधीच कबूल करून घेतलं.

खोल्यांच्या बाबतीत मुलाचा हट्ट होता सी-व्ह्यूचा. रत्नागिरीत समुद्र पश्चिमेला. मेमध्ये पश्चिमेची भिंत दुपारी दोनपासून तापते आणि रात्री दहापर्यंत धग सोडत राहते. त्यात वळवाचा पाऊस आला की लाईट जाते. इन्व्हर्टरवर पंखे फिरतात, एसी नाही. म्हणून हॉटेलला विचारायचं ते असं: लाईट गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो का? लिफ्ट जनरेटरवर आहे का? संडासात कमोडजवळ धरायला दांडा आहे का? शेवटी तळमजल्यावरच्या, पूर्वेकडे उघडणाऱ्या खोल्या घेतल्या. समुद्र बघायला बाहेर जायचंच आहे.

मग भरती-ओहोटी. खरं तर समुद्राकाठचा आठवडा मी इथूनच आखायला घेतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती भरती पूर्ण होण्याची वेळ. चतुर्थीला तीन, दुपारी आणि पहाटेही. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नंतर रत्नागिरीच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघायचं. पण आठवड्याची मांडणी ठरवायला हा हिशेब पुरतो.

यांच्या आठवड्यात काय निघालं? शनिवारी, प्रतिपदेला, भरती पाऊणच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सातला. रविवारी पावणेआठला. मावळतीलाच पाणी उतरलेलं, शिवाय पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा लांब ओसरतं आणि शहरालगतच्या भाट्ये किनाऱ्याची पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा, पार रुंद होते. मुलांचं खेळणं या दोन संध्याकाळींतच उरकायचं. गुरुवारपर्यंत चित्र पालटतं: भरती साडेचारला, सहाला पाणी अजून बरंच वर, पुळण अरुंद. बुधवारी पावणेचारची भरती, म्हणून त्या दिवशी रत्नदुर्ग किल्ला. तिन्हीसांजेच्या आधी वर पोहोचलं की खाली कड्यावर लाटा फुटताना दिसतात. भगवतीच्या देवळापाशी गाडी बरीच वर जाते. दीपगृहाची टेकडी वेगळी, तिथे आजींना नेऊ नये.

खेळणं म्हणजे पोहणं नव्हे, हे मुलाला दोनदा सांगावं लागलं. भाट्याला काजळी नदीचं मुख आहे. ओहोटीला खाडीचं पाणी जोराने बाहेर पडतं, म्हणून मुखापासून लांब राहायचं. गणपतीपुळ्याला तर किनारा एकदम खोल होतो आणि लाट परतताना पायाखालची वाळू ओढते. गुरुवारी पहाटे साडेचारला भरती, म्हणजे हे पोहोचणार तेव्हा पाणी उतरत असणार आणि ओढ बाहेरची. त्या दिवसाच्या पानावर मी ठळक लिहिलं: घोट्याच्या वर पाणी नाही.

बाकी दिवस भराभर लागले. सोमवारी पावस आणि गणेशगुळे. मंगळवारी सगळे पुळ्याकडे धावत असताना यांनी शहरातच फिरायचं: टिळक जन्मस्थान, भागोजी कीरांनी 1931 साली बांधलेलं पतितपावन मंदिर आणि उन्हाच्या वेळेत थिबा पॅलेस. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला 1885 मध्ये पदच्युत करून इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, 1910च्या सुमारास हा राजवाडा उभा राहिला आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. नातवंडांना एवढं आधी सांगितलं तर दालनं फिरताना कंटाळत नाहीत. बुधवारची सकाळ मी मुद्दाम मोकळी ठेवली होती. आजोबांनी त्यात जयगड घालून बघितलं, मी ते खोडलं.

मंगळवारची खरी अडचण वेगळीच होती आणि ती सुनेच्या लक्षात आली: "आईंचा उपास आहे." संकष्टीचा उपास चंद्रोदयाला सुटतो आणि मेमध्ये चतुर्थीचा चंद्र दहा वाजून गेल्यावर उगवतो. रत्नागिरीतल्या घरगुती खानावळी तोवर आवरलेल्या असतात. खानावळीच्या बाईंशी फोनवर बोललो. त्यांनी विचारलं, "मोदक किती? आणि मासे खाणारे किती, शाकाहारी किती, ते सकाळी दहाच्या आत सांगा." ठरलं ते असं: बाकीच्यांनी आठला जेवायचं; आजींसाठी वरण-भात, भाजी आणि पाच उकडीचे मोदक डब्यात; डबा खोलीवर. दुपारसाठी साबुदाण्याची खिचडी, तीही आदल्या दिवशी सांगून.

गुरुवारी सकाळी साडेसहाला निघणं, आरे-वारेमार्गे. जाताना समुद्र डावीकडे, म्हणून उलटी होणारं नातवंड पुढे आणि आजी डाव्या खिडकीशी. पुळ्याला डोंगरच गणपतीचं रूप मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा देवळाला नाही, अख्ख्या टेकडीला असते, साधारण किलोमीटरभर, आणि अनवाणी. मेमध्ये नऊनंतर ती पाखाडी, म्हणजे दगडी वाट, तव्यासारखी तापते. आठच्या आत झाली तर करायची, नाहीतर दर्शनावर भागवायचं. परतताना मालगुंडला केशवसुतांचं स्मारक.

मंगळवारी दुपारी गाडीवाल्याचा फोन आला: पुळ्याच्या रस्त्यावर गाड्या अडकल्या आहेत, दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला घेऊन तो तिथेच उभा होता. आमची माणसं तेव्हा थिबा पॅलेसच्या व्हरांड्यात होती.

आंबे गुरुवारी संध्याकाळी घ्यायचे, शनिवारी नाही. आठवडाभर खोलीत पेटी ठेवली की निम्मे तिथेच पिकून जातात. बागायतदाराकडून चौदा आणे तयार, अजून कडक असलेले घ्यायचे. घरी पेंढ्यात ठेवले की हळूहळू पिकतात. मोठी लाकडी पेटी जनशताब्दीच्या सीटखाली जात नाही, म्हणून दोन-दोन डझनाचे भोकं असलेले पुठ्ठ्याचे खोके बांधून मागितले आणि वर बॅग ठेवू नका म्हणून बजावलं. शुक्रवारी खोल्या सकाळी सोडायच्या, गाडी संध्याकाळची; एक खोली अर्ध्या दिवसाच्या भाड्याने ठेवून घेतली, आजींना पाय पसरायला आणि खोक्यांना सावलीत ठेवायला.