पाणी माशाकडे नेलं

मत्स्यटाक्या बसवून देणं आणि त्यांची देखभाल करणं हे माझं काम. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका काकांनी निवृत्तीनंतर खाऱ्या पाण्याची टाकी करून घेतली, तीन फुटी, साधारण 190 लिटरची. आत सिरॅमिकचे दगड. खऱ्या प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, तो मी कुणाच्याच टाकीत लावत नाही.

टाकी सुरू झाल्यापासून काकांचा धोशा एकच, "अगं, पाणी काचेसारखं झालंय, सोड ना मासे." काचेसारख्या पाण्यातही मासा मारण्याइतका अमोनिया असू शकतो. तो खाऊन नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर बसायला महिना-दीड महिना लागतो. अखेर जिवाणूंची परीक्षा म्हणून एकदा 2 पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) अमोनिया घातला, 24 तासांनी मोजलं, तर अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य. तेव्हाच मी मासे मागवले: हॅचरीत वाढलेली क्लाउनफिशची लहान जोडी.

पार्सल लांबून आलं होतं. पिशवीतलं पाणी पिवळट, दोन्ही मासे तळाशी. प्रवासात मासे श्वास सोडत राहतात, बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. त्यामुळेच माशांच्या अंगातून निघून साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. अशा वेळी त्याच पाण्यात मासे ठेवून तासभर थेंब थेंब टाकीचं पाणी सोडत बसणं मला पटत नाही. मासे त्या पाण्यातून लवकर बाहेर काढायला हवेत.

पण काढून ठेवायचे कुठे? विकणाऱ्याने फोनवर पाण्याची घनता 1.025 सांगितली होती, टाकीइतकीच. पाण्यात मीठ जितकं जास्त, तितकी घनता जास्त. पिशवी उघडून एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या उपकरणावर ठेवला, तर 1.019. मीठ वाचतं म्हणून बरेच जण पाणी असं हलकं ठेवतात. खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर झिरपत असतं आणि तो समुद्र पिऊन ते भरून काढतो. क्षार एकदम वाढला तर त्याला ते पेलत नाही.

बादलीत खारं पाणी तयार ठेवलंच होतं. आरओ फिल्टरचं जवळपास क्षार नसलेलं पाणी घालत घालत ते 1.019 वर आणलं, हवेची नळी सोडली आणि मासे वाटीने उचलून बादलीत घेतले. पिशवीतलं पाणी मोरीत. काकूंनी दिवे मालवले, काका बादलीपाशी बसून राहिले.

मग टाकीकडे वळले. टाकीत दुसरा कुठलाच जीव नव्हता आणि जिवाणूंना एवढा फरक चालतो, तेव्हा टाकीच 1.019 वर आणायचं ठरवलं. हिशेब सोपा होता: 190 लिटरमधलं साधारण 45 लिटर काढायचं आणि तेवढंच आरओचं भरायचं. काकांनी कॅन भरून ठेवले होते म्हणून जमलं. काकू मध्येच म्हणाल्या, "एवढी खटपट, त्यापेक्षा खाडीचं पाणी नसतं का चाललं?" ठाण्याच्या खाडीत शहराचं सांडपाणी येतं आणि पावसाळ्यात क्षारही उतरतो. ते टाकीत घालायची सोय नाही.

घनता जुळली, तापमान 26 अंश. वाटी पाण्यात तिरकी केली. लहान मासा सरळ दगडामागे गेला. मोठा जिथल्या तिथे थांबला, कल्ले भराभर हलत होते, मग पंपाच्या प्रवाहात तोंड करून पोहायला लागला. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो. हे ऐकून काकूंनी काकांकडे पाहिलं आणि दोघंही हसले.

पुढचे काही दिवस बाष्पीभवनाने कमी होणारं पाणी खाऱ्या पाण्यानेच भरायचं, म्हणजे घनता हळूहळू 1.025 वर येईल. रोज अमोनिया तपासायचा, खाणं दुसऱ्या दिवसापासून आणि चिमूटभरच. हे सगळं लिहून फ्रिजवर लावलं.

निघताना काकांनी मोबाइलवर निळ्या टँग माशाचा फोटो पुढे केला. "पुढच्या महिन्यात हा आणूया?" तो फूटभर वाढतो, काका, आणि त्याला पोहायला लांबच लांब जागा लागते. तीन फुटांच्या टाकीत तो मी सोडणार नाही, असं त्यांना स्पष्ट सांगितलं.