दगडाचे दूध

आजोबांच्या कपाटात जुन्या कागदात गुंडाळलेला वस्तरा सापडला, तेव्हा तो पेन्सिल तासायच्याही लायकीचा राहिलेला नव्हता. पात्यावर झोलिंगेनचा शिक्का मात्र शाबूत होता. जर्मनीतल्या या शहराच्या नावाला १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे आणि तिथे न घडवलेल्या पात्यावर ते घालता येत नाही. अशा घरंदाज पात्याला विळ्या-कोयत्यांची कुरुंदाची कांडी लावणे मला बरे वाटेना, म्हणून मी बेल्जियममधल्या आर्देन टापूतून निघणारा कोटिक्यूल नावाचा नैसर्गिक निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, मागवला. त्यासाठी किती पैसे मोजले, हे घरात अजून कोणी विचारलेले नाही.

हा दगड पातळ पिठल्याच्या रंगाचा असतो. त्यात गार्नेटचे, म्हणजे आपला गोमेद ज्या कुळातला त्याच कुळातले, डोळ्यांना न दिसणारे कण खच्चून भरलेले असतात. बारा पैलूंमुळे हे कण जवळजवळ गोलसर असतात. त्यामुळे ते पोलादात खोल रुतत नाहीत, उथळच ओरखडे काढतात. कारखान्यात केलेल्या दगडावर तो किती बारीक आहे हे सांगणारे १०००, ८००० असे आकडे छापलेले असतात आणि शिकाऊ माणसाला त्यांचा मोठा आधार वाटतो. इथे आकडा नाही. त्याच दगडाचा छोटा तुकडा पाणी टाकून वर घासला की सायीसारखे दाट दूध सुटते. ते दाट असताना दगड भराभर कापतो आणि थेंबथेंब पाणी घालून विरळ करत नेले की तोच दगड धार नाजूक करू लागतो. एकाच दगडात हे सगळे दगड आहेत. कोणता कधी संपला आणि कोणता सुरू झाला, हे मात्र आपले आपण ओळखायचे.

वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवायच्या असतात, त्यामुळे कोन हाताने सांभाळावा लागत नाही. पाठीची जाडीच तो ठरवते. धार पुढे ठेवून पाते सरकवायचे आणि टोकाला पोचल्यावर पाठीवरून उलटून परत आणायचे. हे वाचायला इतके सोपे होते की पहिल्याच संध्याकाळी मी दोन तास मन लावून घासले आणि असलेली धारही घालवली.

शेवटी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यांच्या दुकानात आता अर्धे ब्लेड अडकवायचा वस्तरा चालतो, पण तरुणपणी त्यांनी धोकटीतला निसणा रोज वापरलेला. माझे दोन हात पाहून ते म्हणाले, "साहेब, विळा घासताय का? हात सोडा." मी बोटे सैल केली. "अजून सोडा." दाबले की दोन्ही बाजूंनी खोलगट घडवलेले पातळ पाते लवते आणि ऐन धार दगडापासून उचलली जाऊन तिच्या मागचाच भाग झिजत राहतो, हे मला तोवर समजले नव्हते. काकांनी हे कारण सांगितले नाही. ते नुसते पाते सरकवत राहिले आणि मी ऐकत राहिलो. माझ्या हाताखाली कच्च असा आवाज येत होता, त्यांच्या हाताखाली रेशमी पदर ओढल्यासारखा.

पाण्याकडे पाहायलाही त्यांनीच शिकवले. बोथट पाते पाण्याची लाट नुसती पुढे ढकलते. धार दगडाला नीट भिडली की तेच पाणी धारेवरून पात्यावर चढते. ते पहिल्यांदा चढलेले दिसले तेव्हा मी एकटाच होतो आणि उगाच मागे वळून पाहिले.

त्यानंतर चामड्याच्या पट्ट्यावर पन्नासेक फेरे, तेही पाठ पुढे ठेवून. सवयीने धार पुढे गेली की पट्टा कापला जातो. माझ्या पट्ट्यावर अशा तीन खुणा आहेत. मग डोक्याचा एक केस चिमटीत लोंबता धरून धारेला टेकवायचा. मुठीकडून दोन तृतीयांश पात्यावर तो आता आवाज न करता तुटून पडतो, टोकाकडच्या भागावर मात्र अजून वाकून निसटतो, कारण दगड अरुंद आहे आणि तिरपा हात फिरवताना माझे कोपर शेवटच्या क्षणी खाली येते. म्हणून सध्या गाल वस्तऱ्याने करतो आणि नाकाखालची जागा, जिथे टोकच लागते, ती निमूटपणे ब्लेडने उरकतो.