ब्रेन ट्रेनिंगचा वर्ग टिकवताना

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला एका देणगीदाराने टॅब दिले आणि ब्रेन ट्रेनिंगच्या, म्हणजे लक्ष आणि स्मरणाचा सराव देणाऱ्या खेळांच्या, एका अ‍ॅपची वर्षभराची वर्गणीही भरली. कार्यकारिणीने ते काम माझ्या गळ्यात घातलं. कारण काय, तर मी गणिताची शिक्षिका होते आणि विजेचं बिल मोबाइलवरून भरते!

कार्यकारिणीचा बेत सोपा होता: ज्याने त्याने टॅब घरी न्यावा आणि रोज खेळावं. याला मी विरोध केला, कारण थोडं वाचून बसले होते. सिडनीच्या संशोधकांनी 2014 मध्ये ज्येष्ठांच्या असल्याच सरावावरचे 52 अभ्यास एकत्र करून तपासले होते, त्यात 4,885 माणसं होती. घरी एकट्याने केलेल्या सरावाचा उपयोग त्यात दिसला नाही. गटात, शिकवणारं कोणी समोर असताना केलेल्याचा थोडाफार दिसला. आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा केलं तरी फायदा नाही, असंही निघालं. म्हातारपणी बुद्धी शाबूत ठेवता येते का हे पाहणाऱ्या फिनलंडच्या ‘फिंगर’ या मोठ्या अभ्यासात तर ज्यांना संगणकावरचा सराव दिला होता, त्यातल्या 63 टक्क्यांनी तो सुरू केला आणि 12 टक्क्यांनीच पुरा केला. तिथे ही गत, तर आपल्याकडे टॅब कपाटात आणि चार्जर नातवाकडे जाणार हे उघड होतं. शेवटी सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरले. योगवर्ग सुटल्यावर आणि भजनी मंडळ यायच्या आत, सभागृहाच्या मागच्या खोलीत.

सुरुवातीचे दिवस बोटांतच गेले. सत्तरीपुढच्या बोटांची कातडी कोरडी असते, त्यामुळे स्क्रीनला कधी कधी स्पर्शच कळत नाही. मग माणूस जोरात दाबतो, दाबून धरतो आणि भलतंच काहीतरी उघडतं. तेवढ्यात वेळ संपते आणि अ‍ॅप म्हणतं, उत्तर उशिरा आलं. एका काकूंचे डोळे भरून आले, ‘मला तर दिसलं होतं हो.’ बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेल्या एका काकांनी दुसऱ्या दिवशी नोटा मोजायला वापरतात तो ओला स्पंज डबीसकट आणून ठेवला. बोट टेकवायचं, रुमालाला टिपायचं, मग स्क्रीन. टॅब टेबलावर सपाट ठेवला की दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून मान वाकवावी लागायची. त्यावर पोथीचं घडीचं लाकडी व्यासपीठ कामी आलं. ज्यांचा हात थरथरतो त्यांना जाड पेन दिलं. सूचना इंग्रजीत होत्या. त्यांचं मराठी मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून काढलं.

सगळ्यांच्या आवडीचा आणि नावडीचाही सराव एकच. मध्यभागी क्षणभर कार किंवा ट्रक दिसतो, त्याच वेळी कडेला कुठेतरी रस्त्याची पाटी चमकते. दोन्ही ओळखायचं. पाटी अमेरिकन, ट्रकही तिकडचाच. ‘असला कसला ट्रक, मागे हॉर्न ओके प्लीज नाही,’ यावर रोज हशा.

खरी गळती लागली ती आकड्यांमुळे. असली अ‍ॅप्स तुम्ही बरोबर उत्तरं देऊ लागलात की खेळ अवघड करतात आणि चुकलात की सोपा. म्हणजे कितीही सुधारलात तरी काही उत्तरं चुकत राहणारच, तशी रचनाच असते. आयुष्यभर पेपर तपासून घेतलेल्या पिढीला हे कोण सांगणार? वर्गातल्या नानांच्या गुणांचा आलेख एका आठवड्यात खाली आला आणि ते यायचेच थांबले. घरी गेले तर म्हणाले, ‘सुरुवात झाली बहुतेक. मुलाला सांगू नका.’ चौकशीत कळलं की झोपेची गोळी नवीन सुरू झाली होती. डॉक्टरांशी बोला एवढंच मी सांगितलं, आणि वर्गात सगळ्यांसमोर पायऱ्यांचं गणित फळ्यावर मांडलं: पायरी अवघड झाली की चुका वाढणार, म्हणून आज चुका जास्त याचा अर्थ डोकं कमी चालतंय असा होत नाही. नाना परत आले, पण आलेखाचं पान मात्र मी सगळ्यांच्याच टॅबवर बघायचं बंद केलं. क्रमवारी लावायची मागणी पत्ते खेळणाऱ्या मंडळींनी केली होती, तीही मोडून काढली. पहिला येणाऱ्याला मजा येते, खालचे चौघे पुढच्या सोमवारी गुडघेदुखी सांगतात.

त्याऐवजी जोड्या लावल्या. एकाने खेळायचं, दुसऱ्याने शेजारी बसून बघायचं, मग अदलाबदल. जोडीदार आला नाही तर फोन त्यानेच करायचा. माझा फोन गेला की ‘मॅडम, जरा बरं नाही’ एवढ्यात निभावता यायचं. जोडीदाराला असं टाळता येत नाही, कारण त्याचाही सराव अडतो. माझ्या मते वर्ग टिकला तो यामुळेच, अ‍ॅपमधल्या फटाक्यांमुळे आणि पदकांमुळे नव्हे. चहा नंतर ठेवला, आधी नाही. हेही महत्त्वाचं.

पितृपक्ष, नातवंडांच्या परीक्षा, लेकीकडे अमेरिकेत सहा महिने, या सगळ्याला इलाज नाही. खंड पडला की परत येणाऱ्याला अ‍ॅप जुन्याच पायरीवर बसवतं आणि तो पहिल्याच दिवशी खचतो. म्हणून अशांना मी आधी सोप्या खेळावर बसवते.

एक प्रश्न दर बैठकीला येतो: यामुळे विसरभोळेपणा टळेल का? असं आश्वासन मी दिलं नाही. 2016 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, ल्युमॉसिटी या अशाच अ‍ॅपच्या जाहिरातींतले असलेच दावे फसवे असल्याचा आरोप केला होता आणि तो मिटवायला कंपनीने 20 लाख डॉलर भरायचं कबूल केलं होतं. ज्या गोष्टीचा सराव करता ती सुधारते, एवढं मी सांगते. किराणा आणायला विसरणार नाही, असं नाही. त्यावर एक काकू म्हणाल्या, ‘यादी मी करतेच की. इथे मी मैत्रिणीसाठी येते.’

वर्गणीचं नूतनीकरण आता आलंय. खजिनदारांनी प्रगतीचा अहवाल मागितला, तेव्हा मी हजेरीपट दिला. गुण कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. येत्या बैठकीत त्यावर वाद होणार. मीही तयारीनिशी जाणार आहे आणि नानांनाही बरोबर नेणार आहे.