बेल अँड सेबॅस्टियन, ओळीनं: सोळा आठवड्यांची नोंद

मंडळी, आधी शब्द मागं घ्यायचं काम उरकतो. मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं, की 'सिनिस्टर' ह्या अल्बमच्या वर बेल अँड सेबॅस्टियन ह्या स्कॉटलंडच्या बँडचं काही जात नाही आणि गेलं तर मिसळ माझ्याकडून. तर मिसळ लागू झालेली आहे. ठिकाण तुम्ही ठरवा, फक्त सकाळी नऊच्या आत. नंतरच्या रांगेत मी उभा राहणार नाही.

नव्यानं आलेल्यांसाठी नियम परत सांगतो. अल्बम निघाले त्याच क्रमानं ऐकायचे, आठवड्याला एक. प्रत्येक अल्बम तीनदा: एकदा गोकुळ शिरगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, एकदा रंकाळ्याच्या फेरीत आणि एकदा रात्री घरी, मोठ्या स्पीकरवर. मधलं गाणं गाळायचं नाही, आवडीचं मागं नेऊन परत लावायचं नाही. मोडलेले आठवडे तीन. एकदा ताप होता, एकदा पाहुणे, आणि एकदा शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार फुटबॉल सामना. शेवटच्याबद्दल खुलासा मागू नये.

'टायगरमिल्क'पासून सुरुवात. १९९६. ग्लासगोतल्या स्टो कॉलेजमध्ये संगीत व्यवसायाचा अभ्यासक्रम होता. तिथली मुलं दरवर्षी आपल्या छोट्या लेबलवरून एक रेकॉर्ड काढायची. त्या वर्षी बँडचा गायक-गीतकार स्टुअर्ट मर्डॉक ह्याच्या गाण्यांची निवड झाली, आणि एका गाण्याच्या जागी अख्खा अल्बम निघाला. प्रती फक्त एक हजार, त्याही एलपीच्याच. १९९९ मध्ये परत छापेपर्यंत लोक कॅसेटवर कॉप्या करून ऐकत होते. हे वाचलं की मला लगेच लक्ष्मीपुरीतून साठ मिनिटांची कोरी कॅसेट आणून मित्राकडून भरून घ्यायचे दिवस आठवतात. मी स्वतः हा अल्बम एलपीवर मागवला होता. आला तो पापडासारखा वाकून. विक्रेत्यानं पुठ्ठा वाचवला आणि मला सहा आठवडे पत्रव्यवहार करायला लावला. दोन जाड काचांमध्ये दाबून ठेवलाय, बघू. सध्या फोनवरूनच ऐकलं.

ह्या वेळी अडकलो ते 'इलेक्ट्रॉनिक रेनेसान्स'पाशी. इतकी वर्षं मी हे गाणं चूक समजून सोडून देत होतो. आजूबाजूला गिटार, ट्रंपेट, शाळेच्या आठवणी, आणि मध्येच हे सिंथेसायझरचं टुकटुक. पण गाळायचं नाही हा नियम. तीनदा ऐकावं लागलं. मग लक्षात आलं, की नाचायची हौस ह्या माणसाला पहिल्या दिवसापासून होती. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर', त्याच वर्षीचा नोव्हेंबर. लाल कव्हर. ह्याच्याबद्दल मी काय नवीन सांगणार? पहिलं गाणं 'द स्टार्स ऑफ ट्रॅक अँड फील्ड' कानात कुजबुजल्यासारखं सुरू होतं आणि कधी भरून येतं ते कळत नाही. 'द फॉक्स इन द स्नो' मी रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला पहाटे साडेपाचला ऐकलं. पाण्यावर धुकं होतं, माणूस एकही नाही. असलं ऐकणं वर्षातून एकदा मिळतं.

पण ऐकून झाल्यावर मी टोपी बदलली. माहीत आहे तुम्हाला, मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे. त्या नजरेनं बघितलं तर 'सिनिस्टर' म्हणजे फेटलिंग न केलेलं, कडेचा जादा धातू घासून न काढलेलं कास्टिंग आहे. आकार अप्रतिम, माप अचूक, पण कडेला धार तशीच राहिलेली. ड्रम लांबच्या खोलीत वाजतायत, आवाज पातळ. बँडला स्वतःलाही हे खुपत होतं. २००५ मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये त्यांनी हा सगळा अल्बम ओळीनं वाजवला आणि ते रेकॉर्डिंग प्रसिद्ध केलं. मी दोन्ही लागोपाठ ऐकले. बार्बिकनचा जास्त भरदार आहे, आणि तरी हात पहिल्याकडंच जातो. का जातो, ह्याचं माझं उत्तर आजपर्यंत एकच होतं: पातळ आवाज म्हणजे खरा आवाज.

त्या रात्री घरच्या स्पीकरवर लावलं होतं. आई आतून मटार सोलत सोलत म्हणाली, "घसा बसलाय काय रे ह्याचा? हळद-दूध घे म्हणावं." मी हसलो आणि सांगायला लागलो, की तो आजारी होता खरा. मर्डॉकला विशीच्या सुरुवातीला एमई, म्हणजे सतत थकवा आणणारा आजार जडला. सात-एक वर्षं गेली त्यात. शिक्षण सुटलं, काम सुटलं. बसून पियानोवर गाणी करणं तेवढं जमत होतं. पुढं तो एका चर्चच्या हॉलची देखभाल करत तिथंच वर राहत होता. हे मला पाठ होतं, पण आईला सांगेपर्यंत ते आणि तो आवाज मी कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते.

समोरचे काका (देवल क्लबची मैफल न चुकवणारे, मला 'इंग्रजीवाला' म्हणतात) दुसऱ्या दिवशी पेपर न्यायला आले, त्यांच्याशी हे बोलणं झालं. ते म्हणाले, "मग आमच्या खाँसाहेबांचं काय झालं?" अल्लादिया खाँसाहेब अमलेट्याच्या दरबारात रोज गाऊन गाऊन आवाज गमावून बसले. परत आला तो आवाज पूर्वीचा नव्हता. मग त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी बांधली. पुढं शाहू महाराजांच्या दरबारी ते कोल्हापुरात आले आणि ती गायकी जयपूर-अत्रौली घराणं म्हणून उभी राहिली. "पण लक्षात ठेव," काका चप्पल घालता घालता म्हणाले, "खाँसाहेब अशक्त गात नव्हते. आहे त्या आवाजात जोरकस गात होते." तुलना ताणायची नाही, कुठं ख्याल आणि कुठं ग्लासगोचं पॉप. पण हे वाक्य पुढचे सगळे आठवडे माझ्या मागं लागलं.

'द बॉय विथ द अरब स्ट्रॅप', १९९८, हिरवं कव्हर. नाव फॉलकर्कच्या अरब स्ट्रॅप ह्या दुसऱ्या बँडवरून उचललेलं. इथं पहिल्यांदा बँडमधल्या इतरांना गायला मिळालं: इझोबेल कॅम्पबेल, स्टीव्ही जॅक्सन. स्टुअर्ट डेव्हिड तर गात नाही, नुसता बोलतो. त्यामुळं अल्बम भिशीसारखा झालाय, प्रत्येकाचा एकेक नंबर लागतो. 'स्लीप द क्लॉक अराउंड' मात्र जगात भारी. हळूहळू चढत जातं आणि शेवटी बॅगपाइप येतात. पुढच्या वर्षी ह्यांना ब्रिट पुरस्कारात 'नवोदित' म्हणून निवडलं, तिसऱ्या अल्बमनंतर! इंटरनेटवर मतदान होतं, समोर स्टेप्ससारखा तगडा पॉप गट, आणि चाहत्यांनी मतांचा पाऊस पाडला. गल्लीतल्या मंडळानं कसलेल्या तालमीला फायनलला हरवावं, तसलं ते.

'फोल्ड युअर हँड्स चाइल्ड, यू वॉक लाइक अ पेझंट', २०००. लाल टॅग (फाउंड्रीत लाल म्हणजे नापास, पिवळा म्हणजे अडवून ठेवलेला, हिरवा म्हणजे पास). 'आय फॉट इन अ वॉर' सोडून काही हाताला लागत नाही. बस नेहमीपेक्षा लवकर पोहोचली आणि मला बरं वाटलं, ह्यात सगळं आलं. ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहात पोहोचलेला त्यांचा हा पहिला अल्बम, हे विशेष. २००२ चा 'स्टोरीटेलिंग' टॉड सोलाँड्झच्या सिनेमासाठी केलेला, त्यातलं प्रत्यक्ष सिनेमात फक्त काही मिनिटं वापरलं गेलं. मीही तेवढंच वापरलं असतं. ह्या दोन-तीन वर्षांत स्टुअर्ट डेव्हिड आणि मग इझोबेल, दोघं बाहेर पडले.

आता भांडणाचा मुद्दा. 'डिअर कॅटॅस्ट्रोफी वेट्रेस', २००३. निर्माता ट्रेव्हर हॉर्न, म्हणजे बगल्स ह्या बँडमधला, फ्रँकी गोज टू हॉलिवूड ह्या बँडचा आवाज घडवणारा. आपल्यातल्या एकाचं म्हणणं आहे, की बँड इथं संपला. मीही दहा वर्षं मान डोलावत होतो. फेटलिंग झालं, शॉट ब्लास्टिंग झालं, वर पेंटसुद्धा मारला, म्हणून आमची तक्रार. ह्या वेळी आदल्या दोन मरगळलेल्या अल्बमांनंतर 'स्टेप इंटू माय ऑफिस, बेबी' सुरू झालं आणि बसमध्ये मी ताठ बसलो. सगळी वाद्यं जागेवर, सगळे जागे. एकेकटा ऐकला असता तर हे कळलं नसतं, ओळीनं ऐकल्याचा फायदा हाच. आणि पेंटच्या आत धातू तोच आहे: 'पियाझा, न्यू यॉर्क कॅचर'मध्ये एक गिटार आणि एक गळा, बाकी काही नाही. गळा तोच, पण आता दम न लागता ओळ पुरी करतो.

'द लाइफ पर्स्यूट', २००६. मिसळ इथं लागू झाली.

लॉस एंजेलिसमध्ये टोनी हॉफरबरोबर रेकॉर्ड केलेला. 'द ब्लूज आर स्टिल ब्लू'मध्ये सत्तरच्या दशकातल्या ग्लॅम रॉकची ठेका धरणारी गिटार, 'सुकी इन द ग्रेव्हयार्ड'मध्ये फंक, 'ड्रेस अप इन यू'मध्ये पियानो आणि मग तो ट्रंपेट, ज्यासाठी मी रंकाळ्याच्या पदपथावर चालता चालता थांबलो. मागून येणारे आजोबा धडकले. 'अनदर सनी डे' तर कोल्हापूरकरानं ऐकावंच, फुटबॉलच्या मैदानावर खेळताना नजर कडेला उभ्या असलेल्या मुलीकडं जाण्याबद्दल दुसरं इतकं खरं गाणं मला माहीत नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत हा माणूस जिना चढून आल्यावरसुद्धा गाऊ शकतो, असा आवाज आहे.

रात्री मोठ्यानं लावला. आई दारात आली. "हा दुसरा काय रे?"

"तोच की."

"बरा झालेला दिसतोय," म्हणाली आणि गेली.

बास. मी दहा वर्षं 'सिनिस्टर'वर प्रेम करत होतो, त्यातलं थोडं प्रेम त्याच्या आजारावर होतं. पातळ आवाज ही त्याची निवड नव्हती, त्याच्याकडं त्या वेळी तेवढाच होता, आणि तेवढ्यात त्यानं जे केलं ते थोर आहे. पण तो बरा झाला म्हणून आम्ही रुसावं? काकांचं 'अशक्त गात नव्हते' इथं येऊन बसलं. गाणी शेजारी ठेवून तपासली. 'लाइफ पर्स्यूट'मध्ये एक भरतीचं गाणं नाही. 'सिनिस्टर'मध्ये एक आहे. कुठलं ते मिसळ खाताना सांगेन, इथं सांगितलं तर मार पडेल.

'राइट अबाउट लव्ह', २०१०, निर्माता तोच. नोरा जोन्स येऊन गाते, अभिनेत्री कॅरी मलिगन येऊन गाते. पाहुणे छान, घरचे जरा आळसावलेले. पिवळा टॅग.

'गर्ल्स इन पीसटाइम वाँट टू डान्स', २०१५, तासाभराचा. लांब आहे, दोन गाणी काढली असती तर चाललं असतं. बऱ्याच जणांना ह्यातला डिस्को खटकतो. त्यांना मी 'इलेक्ट्रॉनिक रेनेसान्स'ची आठवण करून देतो. १९९६ मध्ये खोलीत बसून केलेलं टुकटुक एकोणीस वर्षांनी नाचायला बाहेर पडलं, एवढंच झालंय. अल्बमची सुरुवात मात्र 'नोबडीज एम्पायर'नं होते, आणि त्यात मर्डॉक त्या आजाराबद्दल पहिल्यांदा इतकं उघड गातो. अंथरूण, थकवा, त्याच आजारातली मैत्रीण. आणि हे सगळं पुढं पुढं जाणाऱ्या भरधाव चालीवर. पहिल्या पाळीच्या बसमध्ये उजळाईवाडीच्या पुलावर हे लागलं होतं. शेजारचा मोल्डिंगचा पोरगा म्हणाला, "काय झालं सर, डोळ्यात काय गेलं?" वाळू गेली म्हणालो. फाउंड्रीवाल्यांना ही सोय असते. २०२४ मध्ये 'नोबडीज एम्पायर' ह्याच नावाची मर्डॉकची कादंबरी आली, मागवली आहे. ह्या वेळी दुसऱ्या विक्रेत्याकडून.

पुढचं भराभर. २०१७-१८ मधल्या 'हाउ टू सॉल्व्ह अवर ह्यूमन प्रॉब्लेम्स'च्या तीन ईपी (अल्बमपेक्षा छोट्या रेकॉर्ड) एकत्र ऐकू नका, सुट्या ऐका. 'डेज ऑफ द बॅग्नल्ड समर' (२०१९) परत सिनेमासाठी, पण 'स्टोरीटेलिंग'पेक्षा कितीतरी बरा. 'अ बिट ऑफ प्रीव्हियस' (२०२२) कोरोनाच्या साथीमुळं परदेशी जाता येईना म्हणून घरीच, ग्लासगोत केला. २००० नंतर पहिल्यांदाच पूर्ण अल्बम तिथं झाला. उरलेली गाणी जानेवारी २०२३ मध्ये 'लेट डेव्हलपर्स' म्हणून आली, घोषणा करून काही दिवसांत. उरलेली म्हटल्यावर मी शिळ्या भाकरीची तयारी ठेवली होती. पण शिळ्या भाकरीचा कुस्करा कसा फोडणीला घातला की ताज्यापेक्षा चवदार लागतो, तसं झालं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांचं पॉप म्हणून हे दोन्ही हिरव्या टॅगचे.

सध्याचा क्रम: 'लाइफ पर्स्यूट', 'सिनिस्टर' केसाच्या अंतरानं, 'टायगरमिल्क', मग 'वेट्रेस'. खाली कोण ते कळलंच असेल.

पुढच्या आठवड्यापासून १९९७ च्या तीन ईपी, 'लेझी लाइन पेंटर जेन'सकट. मोनिका क्वीनचा तो आवाज जुन्या स्पीकरवर फाटतो, म्हणून वूफरचा कोन, म्हणजे आतला थरथरणारा पडदा, बदलून घ्यायचाय. कोल्हापुरात कोन नीट बसवून देणारा कुणाला माहीत असेल तर रविवारच्या आत सांगा. आणि काचांमधला 'टायगरमिल्क' काल काढून बघितला. पहिली बाजू आता वाजते. दुसरी अजून डुलते.